पुन्हा रिकिबीत पाय ठेवला, तो तुमच्यामुळे

घोड्यावरून पडले त्या सकाळी मला कुणी ओढून उठवलं नाही, याबद्दल सगळ्यात आधी आभार. "ताई, मान हलवू नका," म्हणत एका काकांनी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माझं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवलं. मणक्याला मार लागलेला असू शकतो तेव्हा घाईने बसवणं किती धोक्याचं, हे मला नंतर समजलं.

खांद्याचं हाड जुळलं, भीती मात्र गेली नाही. तबेल्याकडे जायला मुंबईत महालक्ष्मीला लोकलमधून उतरलं की पोटात गोळा यायचा. तबेल्यातल्या सईसदादांनी मला घोड्यावर बसायला सांगितलंच नाही. हातात खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, दिला. "अगदी नाकासमोरचं घोड्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने जा, बोलत जा." मानेवरून हात फिरवता फिरवता घोड्याने कान सैल सोडले, लांब फुरफुरला, आणि माझेही खांदे खाली आले. त्या दिवशी मी रडले, दादा, तुम्ही काही विचारलं नाहीत.

मग मी बसलेल्या घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवणाऱ्या मॅडम. दुडकीत, म्हणजे घोडा उसळत्या चालीने धावताना, मी श्वास कोंडला की त्या मोठ्याने आकडे म्हणायला लावायच्या. आकडे म्हणताना श्वास धरून ठेवता येतच नाही! आणि "आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, नवीनच घे," असं बजावणाऱ्या काकू, तुमचेही उपकार आहेत.

आता दुडकीत माझे हात सैल राहतात. यांपैकी कुणी हे वाचलंत तर तबेल्यापाशी हाक मारा. मला प्रत्यक्ष भेटून आभार मानायचे आहेत.