‘चेन टाइट’ म्हणजे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात मोटारसायकलच्या चेनवरचे तेल धुऊन जाते, चिखल बसतो आणि ती कुरकुरू लागते. अशा वेळी आपण गॅरेजमध्ये ‘जरा टाइट करून द्या’ एवढेच सांगतो आणि ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून मिळाली की समाधान मानतो. मीही मानले होते. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या माझ्या गाडीची चेन गेल्या जुलैत सर्व्हिसिंगनंतर बोटाने दाबली असता जेमतेम पाच मिलिमीटर हलत होती. पत्नी मागे बसली की प्रत्येक खड्ड्यात पुढच्या स्प्रॉकेटपाशी (चेन ज्यावरून फिरते त्या दातेरी चाकापाशी) ‘कट्ट’ असा आवाज येई. पुढे तिथल्या ऑइल सीलमधून तेल झिरपू लागले आणि ते स्प्रॉकेट ज्यावर बसते त्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंगही बदलावे लागले.

गाडीवर वजन आले की स्विंगआर्म (मागचे चाक धरून ठेवणारा दांडा) वर जातो आणि मागचे चाक पुढच्या स्प्रॉकेटपासून किंचित लांब सरकते. ही लांबी चेनच्या ढिलाईतूनच निघते; ढिलाईच नसेल, तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर पडतो. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत ढिलाईचे माप दिलेले असते. गाडीगणिक ते बदलते, पण रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांत २० ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. अर्थात चेन फार सैल राहिली, तर ती उतरून मागचे चाक जाम होऊ शकते, हेही तितकेच खरे.

मोजायला शाळकरी पट्टी पुरते. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद करून ठेवावी (चालू इंजिनवर चेन पुसणाऱ्यांना आपली बोटे नकोशी झाली असावीत) आणि चेनच्या खालच्या पट्ट्याच्या मध्यावर ती वर-खाली किती हलते ते पाहावे. चेन सगळीकडे सारखी झिजत नसल्याने चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजून, जिथे ती सर्वांत ताठ असेल तिथले माप धरावे. चेन ताणताना किंवा सैल करताना ॲक्सलचा (मागच्या चाकाच्या आसाचा) नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर (चाक पुढे-मागे सरकवणारे स्क्रू) सारखेच फिरवले नाहीत, तर चाक तिरके बसते. नट पुन्हा पक्का आवळल्यावर, मागे ड्रम ब्रेक असल्यास पेडलही तपासावे लागते, कारण चाक सरकले की पेडलची मोकळी हालचाल बदलते.

सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डावर चेनची ढिलाई मिलिमीटरमध्ये लिहिण्याची पद्धत गॅरेजांनी सुरू करावी, एवढीच विनंती आहे. माझ्या कार्डावर ‘चेन टाइट’ असे दोनच शब्द होते.

– एक वाचक, कांजूरमार्ग, मुंबई