प्रश्न कोण विचारते आणि कोणाला

महोदय,
गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातील एका पतसंस्थेत लिपिकाच्या जागेसाठी माझ्या मुलीने मुलाखत दिली. समोर चार पुरुष आणि एक महिला संचालक होत्या. ‘लग्न ठरले आहे का? वसुलीला खेड्यापाड्यांत जावे लागेल, घरचे पाठवतील का?’ हे प्रश्न त्या बाईंनीच विचारले. बाहेर थांबलेल्या मुलांना मी मुद्दाम विचारले. लग्नाची चौकशी त्यांच्यापैकी एकाकडेही झाली नव्हती.

सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात, ते योग्यच आहे. मात्र तेवढ्याने निवड निःपक्ष होईल, हे मला पटत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना एकच अर्ज, कोणाला पुरुषाच्या तर कोणाला स्त्रीच्या नावाने, दाखवला गेला. पुरुषाचे नाव असलेला उमेदवार अधिक सक्षम ठरला, त्याला पगारही जास्त सुचवला गेला, आणि त्यात प्राध्यापिकाही मागे नव्हत्या. आमच्याकडे तर खुर्चीवर बाई आणि कारभार ‘सरपंचपतीं’कडे, हा प्रकार नवा नाही.

संस्थांनी निदान प्रश्न आधी लिहून काढावेत, ते सर्व उमेदवारांना सारखेच विचारावेत आणि प्रत्येक सदस्याने आपसात चर्चा करण्यापूर्वी आपले गुण कागदावर नोंदवावेत. यासाठी खर्चही येत नाही.

– एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ