ताई, त्या सहा गोळ्यांबद्दल

प्रिय ताई,

समुपदेशनाच्या खोलीत तुम्ही माझी प्रेपची, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांची, बाटली कागदावर रिकामी केलीत, तो दिवस मला लख्ख आठवतो. गोळीची आठवण करून देणाऱ्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये महिन्याचे तीसही दिवस हिरवे, म्हणजे गोळी घेतल्याचे, होते आणि कागदावर सहा गोळ्या उरल्या होत्या. मी मान खाली घातली. आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. तुम्ही एकेक गोळी परत बाटलीत टाकलीत आणि एवढंच विचारलंत, "हे सहा दिवस कुठले, आठवतंय का?"

नव्हतं आठवत. रिमाइंडर वाजला की तो बंद करायला मी 'घेतली'वर बोट टेकवायचो आणि गोळी राहून जायची. हे तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही प्रेपवरच्या २०१० सालच्या आयप्रेक्स नावाच्या अभ्यासाबद्दल सांगितलंत. गोळी दिलेल्या गटात एचआयव्हीची लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली. पण नियमित घेतो म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या रक्तात औषध सापडलंच नाही. ज्यांच्या रक्तात ते होतं, त्यांना संरक्षण याहून खूप जास्त मिळालं. "रक्ताला ॲप दिसत नाही रे," म्हणालात.

ॲप आपण दोघांनी बसून नव्याने लावलं. नोटिफिकेशनमधून औषधाचं नाव काढलं. आता स्क्रीनवर फक्त 'पाणी प्या' येतं. माझा मोबाइल कुणाच्याही हातात जातो, ही धास्ती तुम्ही न सांगता ओळखलीत. त्यासाठी तर मी तुमचा फार ऋणी आहे. गोळी गिळल्यावरच खूण करायची, चुकली तर लाल राहू द्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. मोठा खंड पडला तर आधी एचआयव्ही तपासणी, मग गोळी. कारण नकळत लागण झालेली असताना ती चालू ठेवली, तर विषाणू या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

तीन आठवड्यांत लाल खुणा शनिवार-रविवारच्या रात्रींवरच दिसल्या. तेव्हा मी बाहेर असतो. म्हणून वेळ सकाळी, दात घासल्यावरची केली.

परवाच्या तीन महिन्यांच्या तपासणीचा अहवाल निगेटिव्ह आला. या महिन्यात एक दिवस लाल आहे, तो मी तसाच ठेवलाय. पुढच्या वेळी येताना बाटली आणतो, तुम्ही मोजा.

तुमचा,
दर तीन महिन्यांनी येणारा