आदेश निघाला, पण तिसऱ्या दिवशी

महोदय,

विमानाच्या इंजिनातील पात्यांची तपासणी सक्तीची केली की कंपन्या खर्चाचे रडगाणे गातात. त्यांनी १७ एप्रिल २०१८ आठवावा. न्यूयॉर्कहून डल्लासला निघालेल्या साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीच्या बोइंग ७३७ च्या डाव्या इंजिनातले पुढच्या पंख्याचे एक पाते मुळाशी तुटले. इंजिनाच्या आवरणाचा तुकडा खिडकीवर आदळला आणि एका महिला प्रवाशाचा जीव गेला. विमान फिलाडेल्फियाला उतरवले म्हणून बाकीचे वाचले.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. याच कंपनीच्या विमानाचे, याच जातीच्या इंजिनाचे पाते ऑगस्ट २०१६ मध्ये तुटले होते. २०१७ मध्ये अमेरिकी नियामकाने अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) तपासणीच्या आदेशाचा मसुदा काढला, आणि तो मसुदाच राहिला. मृत्यूनंतर मात्र तिसऱ्या दिवशी तातडीचा आदेश: ३० हजारांहून अधिक उड्डाणे झालेली पाती २० दिवसांत तपासा!

पात्याचे मूळ चकतीच्या खाचेत बसलेले असते. वारंवार ताण पडून धातूला तिथे पडलेली थकव्याची भेग बॅटरी मारून दिसत नाही. ती ध्वनिलहरींसारख्या खास तपासणीने शोधावी लागते. वेळ जातो, विमान जमिनीवर राहते, हे मान्य.

आपल्याकडेही हीच इंजिने उडतात. डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, पात्यांच्या तपासणीचे निष्कर्ष संकेतस्थळावर सर्वांना वाचता येतील असे ठेवावेत. तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला तेवढे तरी कळू द्या.

– एक वाचक, डोंबिवली