चाचणीतले गोदाम फार नीटनेटके नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोदामांच्या स्वयंचलनाविषयी जे छापून येते त्यात यंत्रमानव, सरकते पट्टे आणि वेगाचे आकडे असतात. या साऱ्यांना हुकूम देणारे सॉफ्टवेअर कामाला लावण्यापूर्वी तपासतात कसे, याबद्दल मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. मी याच कामात असल्यामुळे त्याविषयी थोडे लिहीत आहे.

चालते गोदाम थांबवून चाचणी घेता येत नाही आणि चुकांसह चालवूनही पाहता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर खरे ठेवायचे आणि त्याच्याभोवतीचे गोदाम तेवढे संगणकात उभे करायचे, असा मार्ग निघाला. या सिम्युलेशनमधले स्कॅनर, पट्टे, ट्रक आणि माल उचलणारी माणसे खोटी असतात, पण त्यांच्याकडून येणारे संदेश सॉफ्टवेअरला खऱ्यासारखेच दिसतात. त्यातले घड्याळ सेकंदासेकंदाने पुढे न सरकता एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी घेते, त्यामुळे आठ तासांची पाळी काही मिनिटांत पाहून होते. (ही कल्पना जुनी आहे. नॉर्वेत डाल आणि निगार्ड यांनी १९६०च्या दशकात ‘सिम्युला’ ही संगणकभाषा घडवली ती अशाच नकला करण्यासाठी.)

अशी चाचणी रोज रात्री आपोआप चालवायची तर निकाल बरोबर की चूक हे ठरवायला माणूस बसवून चालत नाही. त्यासाठी कधीही मोडता कामा नयेत असे नियम लिहून ठेवावे लागतात: आत आलेले प्रत्येक खोके कुठेतरी असलेच पाहिजे, एक जागा एकाच वेळी दोन खोक्यांना दिली जाऊ नये, शिल्लक शून्याखाली जाऊ नये, कोणतीही मागणी अर्धवट लोंबकळत राहू नये. योगायोगाच्या घटना ज्या बीज-संख्येवरून, म्हणजे सुरुवातीला दिलेल्या आकड्यावरून, निर्माण होतात ती नोंदवून ठेवली, आणि सॉफ्टवेअरचे घड्याळही नकली घड्याळाला बांधलेले असले, तर रात्री बिघडलेला दिवस सकाळी जसाच्या तसा पुन्हा घडवता येतो. चालत्या गोदामात हे शक्यच नसते.

माझा खरा आक्षेप मात्र या नकली गोदामांच्या नीटनेटकेपणावर आहे. त्यांत प्रत्येक बारकोड पहिल्याच खेपेस वाचला जातो, ट्रक वेळेवर येतात आणि प्रत्येक कामाला सरासरीइतकाच वेळ लागतो. सरासरीवर विसंबणे तर फारच फसवे. खोकी येण्यात आणि काम पुरे होण्यात योगायोगाचा वाटा धरणाऱ्या रांगेच्या सर्वांत साध्या गणितात, एखाद्या टेबलावर ८० टक्के भार असेल, म्हणजे ते ८० टक्के वेळ कामात गुंतलेले असेल, तर खोक्याला तिथून सुटायला प्रत्यक्ष कामाच्या पाचपट वेळ लागतो. ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. ही चढ-उतार काढून टाकली की रांग दिसेनाशी होते, आणि रांग लांबल्यावरच उघड होणारे दोषही तिच्याबरोबर दिसेनासे होतात.

यावर जुन्या दिवसांच्या नोंदी सॉफ्टवेअरला जशाच्या तशा पुन्हा देऊन पाहण्याचा उपाय सुचवला जातो. तो उपयोगी आहे, पण अपुरा आहे. त्या नोंदी जुन्या सॉफ्टवेअरच्या निर्णयांतून झालेल्या असतात. नव्या सॉफ्टवेअरने खोके दुसऱ्या वाटेने पाठवले की पुढे काय झाले असते याचे उत्तर नोंदींत सापडत नाही. तिथून पुढचे नकली गोदामानेच घडवावे लागते.

एका कामात आमच्या साऱ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या आणि पहिल्याच आठवड्यात शिल्लक चुकू लागली. गोदामात जाऊन उभे राहिल्यावर कारण कळले. चुरगळलेला बारकोड वाचला जात नसे, तेव्हा कामगार शेजारच्या तशाच वस्तूचा बारकोड दोनदा वाचून घेत आणि सॉफ्टवेअर दुसरी नोंद चुकून आलेली समजून टाकून देई. आमच्या नकली कामगाराला ही युक्ती ठाऊक नव्हती. दोष आमचाच होता.

चाचणीची साधनेही सॉफ्टवेअरच असतात, हेही अनेकदा विसरले जाते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील टर्मिनल ५ हे २७ मार्च २००८ रोजी सुरू झाले तेव्हा सामानाचा जो गोंधळ उडाला त्याची कारणे अनेक होती. त्यांतले एक असे की, चाचणीच्या काळात संदेश खऱ्या यंत्रणेत जाऊ नयेत म्हणून बसवलेली गाळणी नंतर काढायची राहून गेली आणि इतर विमान कंपन्यांकडून येणाऱ्या सामानाची माहिती पुढे पोहोचली नाही. त्याआधी अमेरिकेतल्या डेन्व्हरचा विमानतळ सोळा महिने उशिरा, फेब्रुवारी १९९५ मध्ये उघडला, आणि या उशिराला मुख्यतः स्वयंचलित सामान-यंत्रणाच कारणीभूत होती. तिथे १९९४ मध्ये पत्रकारांसमोर घेतलेल्या प्रात्यक्षिकात बॅगा फाटून पडल्या होत्या. पुढे २००५ मध्ये ती यंत्रणा बंदच करण्यात आली.

म्हणून असे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांनी केवळ ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ असा अहवाल स्वीकारू नये. नकली गोदामात न वाचलेले बारकोड, दोनदा किंवा उलट्या क्रमाने आलेले संदेश आणि मध्येच बंद पडलेले पट्टे यांचे प्रमाण किती ठेवले होते आणि ते कोणत्या प्रत्यक्ष मोजणीवरून ठरवले, हे लेखी मागावे. शिवाय ते नकली गोदामही सॉफ्टवेअरबरोबर ताब्यात घ्यावे, कारण पुढच्या प्रत्येक बदलाच्या वेळी त्याची गरज पडणार आहे.

आपला नम्र,
गोदाम-सॉफ्टवेअरच्या चाचणीत काम करणारा एक वाचक