जंगल बघायला पाय धडधाकटच पाहिजेत का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस उघडला की आपल्याकडं सगळ्यांना जंगल आठवतं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, हेमाडगा, रविवारी तिकडं बेळगावच्या गाड्यांची रांग लागते आणि वॉट्सअ‍ॅपवर ट्रेकचे मेसेज सुरू होतात, आठ किलोमीटर, दहा किलोमीटर, खाली 'फिटनेस आवश्यक'. जाऊ देत की, तरुण पोरांनी नाही जायचं तर कुणी जायचं. पण ज्याला आठ किलोमीटर जमत नाही त्याच्यासाठी काय आहे, तर काहीच नाही. आमची आई व्हीलचेअरवर असते. माहेर खानापूरकडचं, रानाला लागून, त्यामुळं कुठलं झाड कधी फुलतंय आणि कुठलं पाखरू ओरडतंय हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

तिला घेऊन एका निसर्ग उद्यानात गेलो होतो, नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच असणार. गेटवर गुरं आत येऊ नयेत म्हणून ते गोल फिरणारं लोखंडी फाटक, त्यातनं व्हीलचेअर जात नाही. बाजूच्या मोठ्या गेटला कुलूप, आणि किल्ली साहेबांकडं, साहेब जेवायला. आत गेल्यावर रॅम्प होता बरं का, पण इतका खडा की दोघांनी मागनं ढकलून एकानं पुढनं धरावं लागलं. नियम साधा आहे, एक फूट उंची चढायची तर रॅम्प बारा फूट लांब पाहिजे, इथं चार फुटातच उरकला होता. आणि रॅम्प संपला की पुढं खडी. व्हीलचेअरची पुढची दोन चाकं बारकी असतात, ती खडीत रुतून बसतात, मग खुर्ची मागं फिरवून ओढत न्यायची, म्हणजे बसलेल्या माणसाला पुढचं काहीच दिसत नाही, फक्त आलेली वाट दिसते. वॉचमन भला माणूस, म्हणाला, "आजी इथंच बसू देत की ओ, तुम्ही जाऊन फोटो काढून आणा." आई म्हणाली, "फोटो काय, घरात बसून बी दिसतात की."

कायदा नाही असं नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात करमणुकीच्या कार्यक्रमात इतरांच्या बरोबरीनं भाग घेता आला पाहिजे असं लिहिलंय, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षं 2022 सालीच संपली. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये तर सांगितलं की रॅम्प, वाटा, संडास यांसारख्या सोयींचे हे निकष नुसत्या सूचना म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे करा. आपल्याकडं मात्र रॅम्प म्हणजे उद्घाटनाच्या फोटोपुरता.

आता कुणी म्हणेल, म्हणजे खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात काँक्रीट ओतायचं का? अजिबात नको. तिथल्या बारापेड्याच्या गुहेतली दुर्मीळ वटवाघळं जगात मोजक्याच ठिकाणी सापडतात, तिथं रॅम्प सोडा, धडधाकट माणसांनीसुद्धा जाऊ नये असं माझं मत आहे. सगळं जंगल सगळ्यांना खुलं करा असं कुणीच म्हणत नाही. जिथं आधीच पार्किंग आहे, तिकीट खिडकी आहे, कॅन्टीन आहे, तिथली पहिली अर्धा किलोमीटर वाट नीट करा, एवढंच. त्याला पेव्हर ब्लॉकपण नकोत, ते दोन पावसाळ्यात उचकटतात. आपल्या भागात मुरूम भरपूर मिळतोय, तो बारीक करून पाणी मारून रोलर फिरवला आणि कडेनं पाणी जायला चर काढली की चाक चालतंय. मधेमधे पाठ टेकायला येईल असा बाक आणि वापरता येईल असा संडास. कुलूप नसलेला.

आणि याहून स्वस्त गोष्ट म्हणजे माहिती. वाट किती लांब, पायऱ्या किती, चढ कुठं, संडास कुठं, हे वेबसाईटवर आणि गेटवर खरंखरं लिहा, म्हणजे माणूस घरीच ठरवेल जायचं की नाही. फलक कन्नड-इंग्रजीत असतात ते असू देत, खाली दोन ओळी मराठीतही टाका, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतल्या पोरांना वाचता येईल. यात कुणी राजकारण काढू नये.

कार्यक्रमांचं तर विचारूच नका. वनखात्याचं 'चिन्नर वन दर्शन' सरकारी शाळांच्या पोरांसाठी आहे, चांगला उपक्रम, पण सहलीची यादी करताना कुबडी घेणारी पोरगी आधी वगळली जाते, "तिला त्रास होईल" म्हणून, आणि तिला कुणी विचारतच नाही. प्रत्येक कार्यक्रम चालण्याचाच कशाला? बेळगावातच टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोचं आवार घ्या, सपाट जागा, जुनी मोठी झाडं, तिथं सकाळी सातला एका झाडाखाली तासभर बसून कोण कोण येतंय ते बघायचं, ऐकायचं. आंधळ्या मुलाला पाखरांच्या आवाजात आपल्याइतकंच, कदाचित जास्तच कळेल, साली हाताला लावून झाडं ओळखता येतील. बहिऱ्या मुलांसाठी खुणांची भाषा येणारा एक माणूस बरोबर असला की झालं.

आणखी एक. भीमगडातल्या आमगावसारख्या गावातनं पावसाळ्यात आजारी बाईला खांद्यावर घालून बाहेर आणावं लागलं ते आपण सगळ्यांनीच वाचलंय. पर्यटकाच्या जीपला वाट मिळते आणि तिथल्या म्हाताऱ्याला नाही, हे 'सर्वांसाठी निसर्ग' म्हणताना विसरू नये. गाईड नेमायचे तर याच गावातले नेमा.

3 डिसेंबरला दिव्यांग दिन येतो, हार-तुरे होतील, भाषणं होतील. त्याआधी वनखात्यानं नाहीतर महापालिकेनं एक सकाळ काढावी. आम्ही दोन व्हीलचेअर आणि पांढरी काठी वापरणारे आमच्या गल्लीतले एक काका असे येतो, साहेबांनी आमच्याबरोबर गेटपासून संडासापर्यंत फक्त चालायचं. वार आणि वेळ त्यांनी सांगावी, आणि हो, मोठ्या गेटची किल्ली आठवणीनं बरोबर आणावी.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव