कोयोते आणि कोयता

टूसान, अ‍ॅरिझोना
१२ मार्च २०२५

प्रिय सुहास,
सप्रेम सलाम.

‘कुठं गायब झालास?’ हा तुझा मेसेज आला तेव्हा मी बसमध्ये होतो. दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. लांबेल, चहा घेऊन बस.

आमच्या चर्चच्या मंडळीतले अकरा जण चार दिवस मेक्सिकोच्या सरहद्दीवर जाऊन आलो. आमच्या पाळकबाई याला लेंटमधली, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतली, ‘यात्रा’ म्हणतात. यात्रा म्हटलं की मला अजून मीरासाहेबांचा उरूस आणि तिथले पाळणेच आठवतात! इथं ना देऊळ, ना दर्गा. कपडे-खाऊची खोकी घेऊन जायचं नाही, तिथल्या माणसांशेजारी बसून ऐकायचं, एवढीच बाईंची अट. मला ते जरा जडच गेलं. रिकाम्या हातानं कुणाकडं जायची सवय नाही ना आपल्याला.

टूसानहून दोन तासांवर डग्लस. पलीकडं आग्वा प्रिएता. खरं तर एकच गाव, पण मधून गंजक्या रंगाच्या पोलादी खांबांची उंच भिंत गेलीय. दोन खांबांमधून हात जाईल एवढी फट. १९९४ च्या सुमारास अमेरिकेनं शहरांलगतची सरहद्द आवळायला घेतली. वाळवंट बघून लोक मागं फिरतील असा हिशेब होता. लोक फिरले नाहीत, वाळवंटातून चालू लागले आणि तहानेनं, उन्हानं मरू लागले.

आग्वा प्रिएतात ‘काफे हुस्तो’ नावाची कॉफी भाजणारी सहकारी संस्था आहे, २००२ पासूनची. कॉफी पिकते दक्षिणेत च्यापास राज्यात, साल्वादोर उर्बिना गावात. मधे भाव इतके पडले की तिथली माणसं शेती सोडून उत्तरेकडं निघाली. शेवटी त्यांनी नि इथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या मंडळींनी मिळून ठरवलं, की भाजून, पुड्या भरून आपणच विकायची, म्हणजे मधल्या दलालाचा पैसा गावात राहील. सांगलीच्या माणसाला सहकार काय शिकवणार म्हणा! पण माणसाला गावात राहता यावं म्हणून काढलेली संस्था मी पहिल्यांदाच बघितली.

मग स्थलांतरितांसाठीच्या निवाऱ्यात गेलो. तिथं टेबलावर वाळवंट ओलांडणाऱ्यांच्या दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक पाण्याचा प्लॅस्टिकचा कॅन, काळा. पांढरा उन्हात चमकतो आणि लांबून दिसतो. दुसरी वस्तू म्हणजे बुटांवरून चढवायचे जोडे, तळव्याला गालिच्याचा तुकडा शिवलेला, वाळूत पाऊल उमटू नये म्हणून. मी एक उचलून बघितला. टाका हातशिलाईचा, बारीक, अगदी गोधडीसारखा.

समोर मेक्सिकोतल्याच ग्वेरेरो राज्याकडची एक बाई बसली होती, आपल्या ताईच्या वयाची. गावात गोळीबार सुरू झाला म्हणून लेकीला घेऊन निघालेली. आश्रय मागायला अमेरिकी सरकारच्या अ‍ॅपवर कित्येक महिने खटपट करून तिनं २३ जानेवारीची वेळ मिळवली होती. २० जानेवारीला नवं सरकार आलं आणि त्याच दिवशी सगळ्यांच्या वेळा रद्द झाल्या. तडकलेल्या फोनवर तिनं ती तारीख मला दाखवली. जपून ठेवलीय.

मग तिनंच विचारलं, “तू कसा आलास?”

मी म्हटलं, “विमानानं. मुंबईच्या वकिलातीत पाचेक मिनिटं खिडकीपुढं उभा राहिलो, शिक्का मिळाला.” दुभाष्यानं ते सांगितलं तसं ती खळखळून हसली. टोमणा नव्हता त्यात. मला मात्र कुठं बघावं कळेना.

तिचा थोरला आधीच पलीकडं गेलाय. ओलांडून नेणाऱ्याला इथं ‘कोयोते’ म्हणतात. त्याचे पैसे व्याजानं काढलेले, पोरगा अजून फेडतोय. कोयोते, कोयोते ऐकताना माझ्या डोक्यात आपल्या ऊसतोडीतलं ‘कोयता’ घुमायला लागलं. उचल, मुकादम, नवराबायको मिळून एक कोयता. दिवाळीनंतर तुमच्या रानाकडेला बीडच्या टोळीच्या कोप्या पडायच्या, आठवतं? आपण नुसतं ‘तोडकरी आले’ म्हणायचो. तेव्हाच चर्चमध्ये नाताळच्या नाटकाच्या तालमी चालायच्या. मी योसेफ, तू सरायवाला. ‘जागा नाही!’ असा ओरडायचास की मागच्या बाकावरची पोरं दचकायची.

काल, मंगळवारी संध्याकाळी, डग्लसमध्ये प्रार्थना होती. दर मंगळवारी असते, २००० सालापासून. या जिल्ह्याच्या वाळवंटात मेलेल्या प्रत्येकाच्या नावाचा एक पांढरा लाकडी क्रूस. एकेकानं नाव मोठ्यानं वाचायचं, क्रूस उंच धरायचा, बाकीच्यांनी म्हणायचं “प्रेसेंते!” म्हणजे आपल्या शाळेतलं ‘हजर’. मग तो रस्त्याच्या कडेला टेकवून पुढं जायचं. शेजारून ट्रक जात असतात, आवाज चढवावा लागतो. माझ्या हातात आलेल्या तिसऱ्या क्रुसावर नाव नव्हतंच. ‘नो इदेंतिफिकादा’. ओळख न पटलेली बाई. मी तेवढंच वाचलं. सगळे “हजर” म्हणाले.

रात्री झोप येईना. तुमच्या गोठ्यात रोज वाढं आणून टाकणारी ती पोरगी, हिरव्या परकराची, सबंध हंगामभर यायची. तिचं नाव काय रे? काकूंना विचारून बघ, त्यांच्या लक्षात असेल.

आणि यंदाची टोळी अजून आहे की गेली, तेही कळव.

च्यापासची कॉफी घेऊन ठेवलीय. मेमध्ये इथलं एक कुटुंब सांगलीला येतंय, त्यांच्याबरोबर पाठवतो. दुधात उकळू नकोस मात्र, गाळून पी.

काकूंना सलाम.

तुझा,
विनय